महिन्याची शिल्लक, वर्षाचा हिशेब



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न वंदनेचा आणि संस्काराचा असतो. दुसरा प्रश्न संसाराचा असतो. आपण आता नव्या मार्गाने चालणार, तर आपल्या कमाईचे काय करावे? पोट भरून, भाडे देऊन, मुलांची शाळा सांभाळून हातात काही उरते काय? उरत असेल तर ते कशासाठी ठेवावे? आणि उरतच नसेल तर दोष कोणाचा? ह्या पाठात आपण एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

भगवान बुद्धांनी संपत्तीचा विचार टाळला, तो केवळ संसार सोडलेल्यांसाठीच बोलला, असा काहींचा समज असतो. तो समज चुकीचा आहे. कोलिय लोकांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. आम्ही मुलाबाळांत राहणारी, सोने-रुपे हाताळणारी माणसे आहोत, आमच्यासारख्यांना ह्या जन्मी हिताचे होईल ते सांगा, अशी विनंती त्याने केली. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने व कौशल्याने कमवावे. कमावलेले राखावे. चांगल्या माणसांची संगत धरावी. आणि आपली आवक व जावक ओळखून समतोल राहणी ठेवावी. ह्या चौथ्या गोष्टीला पालीत 'समजीविता' म्हणतात. ती समजावताना भगवंतांनी तराजूचा दाखला दिला. तराजू धरणाऱ्याला पारडे कोणत्या बाजूस किती झुकले हे कळते, तसे गृहस्थाला आपल्या आवक-जावकेचे कळले पाहिजे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कमाई थोडी असता थाटात राहणे हा जसा दोष सांगितला, तसाच कमाई भरपूर असता उपाशी राहणे हाही दोषच सांगितला आहे. म्हणजे धम्म कंजुषी शिकवीत नाही. तो पारडे पाहायला शिकवतो.

पारडे कसे पाहावे?

आता आपण एक उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव आहे. तालुका पैठण. शेतीचे गाव, परंतु रस्त्याच्या कडेने कारखाने आले आणि गावाचे रूप पालटले. येथे दूरदर्शन संच व घरगुती उपकरणे बनवणारा व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. पैठण रस्त्यावरील चौदाव्या किलोमीटरचा दगड हा त्या कंपनीच्या पत्त्याचाच भाग होता. २०१८ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. ज्या कारखान्याकडे पाहून माणसे घर बांधतात, मुलीचे लग्न ठरवतात, तो कारखानाही कायमचा नसतो, हे ह्या रस्त्याने पाहिले आहे.

अशा गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे एक कुटुंब मनात आणा. हे कुटुंब कल्पनेतले आहे. आकडे हिशेब शिकण्यासाठी धरले आहेत. नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुले आणि म्हातारी आई, अशी पाच माणसे. नवरा ठेकेदारामार्फत कारखान्यात जातो. दिवसाला ६५० रुपये हातात येतात. महिन्याचे २६ दिवस भरले तर १६,९०० होतात. बायको खुरपणीला, कापूस वेचणीला जाते. हंगामात महिन्याला ४,००० आणते. भरल्या महिन्याची आवक २०,९०० रुपये झाली.

आता महिन्याचा आवश्यक खर्च पाहा. रेशनचे धान्य मोफत मिळते, म्हणून ते येथे धरलेले नाही.

किराणा — ४,०००
भाजीपाला, दूध, अंडी-मटण — ३,२००
घरभाडे व वीज — ३,३००
गॅस — ९००
जाण्या-येण्याचे पेट्रोल व भाडे — १,५००
मुलांची शिकवणी, वह्या-पेन — १,०००
आईचे औषध — ७००
मोबाइल — ६००
साबण, तेल, दाढी व किरकोळ — ६००

बेरीज १५,८०० रुपये. २०,९०० मधून ती वजा केली की ५,१०० रुपये उरतात.

हे पाहून कुटुंबाला आनंद होतो. दर महिन्याला पाच हजार सुटतात, मग चार हजारांच्या हप्त्याने गाडी घ्यायला काय हरकत, असे वाटते. दुकानदारही तेच सांगतो. आणि येथेच बहुतेक घरे फसतात. कारण हा हिशेब भरल्या महिन्याचा आहे. संसार मात्र बारा महिन्यांचा असतो.

बारा महिन्यांचा हिशेब

तोच हिशेब वर्षाने करू. ठेका बदलताना एक महिना घरी बसावे लागले आणि एक महिना निम्मेच काम मिळाले, असे धरा. ठेक्यावरच्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही. तर दहा महिन्यांचे १,६९,००० आणि निम्म्या महिन्याचे ८,४५० मिळून नवऱ्याचे १,७७,४५० झाले. बायकोला जूनपासून जानेवारीपर्यंत आठ महिने शेतावर काम मिळाले; तिचे ३२,००० झाले. दोघांची वर्षाची आवक २,०९,४५० रुपये.

आवश्यक खर्च मात्र बाराही महिने चालूच राहतो. ठेका तुटला म्हणून घरमालक भाडे सोडीत नाही, की आईचे औषध थांबत नाही. १५,८०० गुणिले १२ म्हणजे १,८९,६००. उरले १९,८५०.

परंतु अजून काही खर्च राहिले आहेत. ते दर महिन्याला येत नाहीत, पण वर्षातून येतातच. जूनमधली शाळेची फी, पुस्तके, गणवेश ६,०००. घरच्यांचे कपडे ४,०००. ताप-खोकला, दवाखाना ५,०००. नात्यातली लग्ने, मयत, प्रवास, आहेर ४,०००. ही बेरीज १९,०००. ती वजा केल्यावर सबंध वर्षात उरले ८५० रुपये. महिन्याला सुमारे ७१ रुपये!

एकच घर, तीच माणसे, तीच कमाई. एका हिशेबाने महिन्याला ५,१०० उरतात आणि दुसऱ्या हिशेबाने ७१. पहिला हिशेब सोपा आहे, पण खोटा आहे. दुसरा कटू आहे, पण खरा आहे. ह्या पाठात शिकायची मुख्य गोष्ट हीच. महिन्याची खरी शिल्लक काढायची असेल, तर वर्षाच्या आवकेतून वर्षाचा आवश्यक खर्च वजा करा आणि मग बाराने भागा. जून महिन्यात लागणारे पैसे जानेवारीत तुमच्या हातात असले, तरी ते शिल्लक नव्हेत. ते जूनचे आहेत.

वर्षाची आणखी एक गंमत पाहा. शेतीचे काम फेब्रुवारीत संपते, ते पाऊस पडेपर्यंत मिळत नाही. आणि नेमक्या ह्याच काळात १४ एप्रिलची जयंती येते, एप्रिल-मे महिन्यांत लग्ने येतात आणि जूनमध्ये शाळा उघडते. म्हणजे घरातला एक हात रिकामा असतो तेव्हाच खर्चाची रांग लागते. व्याजाचे पैसे बहुतेक ह्याच चार महिन्यांत घरात शिरतात. ज्या घराने हे ओळखले, ते घर वेचणीच्या दिवसांतच जूनची फी बाजूला काढते.

ज्यांच्याजवळ काहीच उरत नाही

आता कोणी म्हणेल, ७१ रुपये उरतात, कारण ही माणसे उधळी असतील. तेही तपासून पाहू. ह्या कुटुंबाचा वर्षाचा सगळा खर्च पाच माणसांत व बारा महिन्यांत वाटला, तर माणशी महिना सुमारे ३,४८० रुपये पडतो. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची सरासरी माणशी महिना ४,०१० रुपये आली होती. म्हणजे हे कुटुंब सरासरीपेक्षाही कमी खर्चात भागवते आहे. ह्यांना काटकसरीवर व्याख्यान देणे हा अन्याय होईल.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यांच्या श्रमाला पुरते काम नाही, आणि रिकामा राहिलेला श्रम काही निर्माण न करता खात मात्र राहतो, म्हणून शिल्लक पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपाय म्हणून त्यांनी उद्योगधंद्यांच्या वाढीकडे बोट दाखवले. आपल्या उदाहरणातले घर पाहा. शिल्लक कोठे गेली? दीड महिन्याचे नवऱ्याचे काम बुडाले आणि चार महिने बायकोला कामच नव्हते. चैनीत गेली असे म्हणायला जागा नाही. म्हणून शिल्लक हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. तो बारमाही कामाचा आणि पुऱ्या मजुरीचाही प्रश्न आहे.

धम्मही हेच सांगतो. राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी जो उपदेश केला, त्याला गृहस्थांची आचारसंहिता मानतात. त्यात मालकाचीही कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे शब्द आजच्या कामगार कायद्याशी ताडून पाहा. तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर तो तुमच्या नावे जमा होतो की नाही, हे पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. राज्य कामगार विमा कापला जात असेल, तर दवाखान्याचा लाभ घरच्यांनाही मिळतो. ठेकेदाराकडे पगाराची पावती मागा. आपल्या कष्टाचे पैसे राखणे हाही भगवंतांनी दीघजाणूला सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीचाच भाग आहे.

शिल्लक कोणत्या वाटांनी जाते

ज्यांचे काही उरते, त्यांनी आता पुढचा विचार करावा. सिगालाला भगवंतांनी धन नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत : नशापाणी, अवेळी भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. ह्यांचा उपदेश पुष्कळदा ऐकला असेल. आज त्यांचा हिशेब मांडू.

आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर रुपयांची दारू घेतली, तर वर्षाला १०,४०० रुपये होतात. तंबाखू-पुडीला रोज वीस रुपये लागले, तर वर्षाला ७,३०० होतात. दोन्ही मिळून १७,७०० रुपये, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या घराच्या फी, कपडे, दवाखाना आणि लग्नकार्याला लागणारी जवळजवळ सगळी रक्कम! बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती पाळली की घरातल्या बाईला वर्षअखेरीस वहीतही दिसते. जुगाराचे रूप आता बदलले आहे. तो चौकातून मोबाइलमध्ये आला. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला. परंतु कायद्याच्या आधी घराने दार लावले पाहिजे.

दुसरी वाट व्याजाची. 'शेकडा पाच' हे शब्द ऐकायला लहान वाटतात. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ. वीस हजार काढले, तर महिन्याला एक हजार आणि वर्षाला बारा हजार नुसते व्याजात जातात. मुद्दल तसेच उभे राहते. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत कोणाचेही देणे नसणे हे एक स्वतंत्र सुख म्हणून गणले आहे. म्हणून ज्याच्यावर असे कर्ज आहे, त्याने बचतीचे दुसरे मार्ग शोधण्याआधी ते फेडावे. साठ टक्क्यांचे व्याज वाचवण्याइतकी किफायतशीर बचत दुसरी नाही.

घरपोच गटकर्ज देणाऱ्या संस्थांविषयीही सावध राहा. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला की, अशा कर्जदार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. हा नियम चांगला आहे. परंतु तो कर्ज देणाऱ्यासाठी कमाल मर्यादा आहे. आपल्या उदाहरणातल्या घराचे महिन्याचे सरासरी उत्पन्न सुमारे १७,४५० आहे. निम्मे म्हणजे ८,७०० रुपयांपर्यंत हप्ता नियमात बसेल. परंतु त्या घराची खरी शिल्लक ७१ रुपये आहे! 'कर्ज मिळते' आणि 'कर्ज झेपते' ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तिसरी वाट मानपानाची. धम्मदीक्षेबरोबर श्राद्ध-पिंडदान गेले, नवस-सायास गेले, बकऱ्याचा बळी गेला, मुहूर्ताची दक्षिणा गेली. हे सारे खर्च वाचले. परंतु त्यांच्या जागी नवे येऊन बसत असतील, तर घराने काय मिळवले? बौद्ध विवाहविधी साधा आहे. मग मंडप, बँड आणि हुंडा ह्यांसाठी शेकडा पाचाने पैसे का काढावेत? जयंती अभिमानाने साजरी करावी, ह्यात शंका नाही. परंतु ध्वनिक्षेपकाच्या वर्गणीसाठी एप्रिलमध्ये काढलेले कर्ज जूनमध्ये मुलाच्या वह्या-पुस्तकांच्या आड येत असेल, तर ज्यांची जयंती केली त्यांच्याच शिकवणीला आपण बाधा आणली, असे म्हणावे लागेल.

शिल्लक कोठे ठेवावी

सिगालाला भगवंतांनी कमाईचे चार भाग करण्यास सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग आपत्तीसाठी राखून ठेवावा. ज्याची सगळी कमाई किराण्यात आणि भाड्यात जाते, त्याला हे प्रमाण आज जमणार नाही. तेव्हा आपण हे प्रमाण कमाईला न लावता निदान शिल्लकेला लावू या.

समजा, आपल्या उदाहरणातल्या बाईला २०२४ साली सुरू झालेल्या 'माझी लाडकी बहीण' योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. वर्षाचे १८,००० झाले. आधीचे ८५० मिळवून १८,८५०. म्हणजे महिन्याची शिल्लक १,५७० झाली आणि ती जवळजवळ सगळी ह्या एका बाईच्या खात्यावरची आहे. म्हणून ह्या रकमेवर घरातल्या पुरुषाने हात टाकू नये. आणि योजना सरकारची आहे, ती बदलू शकते, म्हणून तिच्या भरवशावर तीन वर्षांचा हप्ताही बांधू नये.

पहिले काम आपत्तीच्या भागाचे. एका महिन्याचा आवश्यक खर्च, म्हणजे १५,८०० रुपये, खात्यात होईपर्यंत दुसरीकडे खर्चू नये. १,५७० प्रमाणे त्याला दहा महिने लागतात. पुढच्या वेळी ठेका तुटला की तो एक महिना हे पैसे धरून ठेवतील आणि सावकाराचे दार पाहावे लागणार नाही. त्याच भागातून कमावत्या माणसाचा विमा काढावा. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याला वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याला २० रुपये पडतात. पहिल्यात मृत्यूनंतर आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यूनंतर घराला दोन लाख मिळतात.

दुसरे काम कामधंद्याच्या दोन भागांचे. मजुराला दुकान नाही, माल नाही. मग त्याचा धंदा कोणता? त्याचे कसब आणि त्याच्या मुलांचे शिक्षण. बायकोला जे चार महिने काम नसते, त्यासाठी शिलाईयंत्र किंवा दोन शेळ्या हे खरे भांडवल होय. मुलांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढणे हीसुद्धा बचतच आहे. भांडवलासाठी एकटे न जाता बचत गटात जावे. तेथे व्याज कमी असते आणि पैसा गटातच राहतो.

उरलेला भाग उपभोगासाठी. मुलांना वर्षातून एकदा वेरूळ, अजिंठा दाखवा, घरात गोडधोड करा. आनंदाने खर्चलेला आपल्या कष्टाचा पैसा हेही गृहस्थाच्या चार सुखांपैकी एक सुख आहे.

आणि दान? १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास देण्याचे सांगितले. ज्यांना पक्की नोकरी व नियमित पगार आहे, त्यांनी हे वचन पुरेपूर पाळावे. त्यांना सबब नाही. परंतु ज्या घराची वर्षाची शिल्लक ८५० रुपये आहे, त्याने कर्ज काढून दान देऊ नये. त्याने विहारात श्रम द्यावेत, मुलांचा अभ्यास घ्यावा, वर्षाकाठी जमेल ते द्यावे. आणि विहाराच्या वर्गणीची यादी वाचताना आपण त्या घराचा आकडा मोठ्याने वाचून त्याला लाजवू नये.

घरी करावयाचा अभ्यास

१. एका वहीत बारा पाने करा, जूनपासून मेपर्यंत. प्रत्येक पानावर त्या महिन्यात गेल्या वर्षी खरोखर किती आले ते लिहा. भरल्या महिन्याचा पगार बाराही पानांवर लिहू नका.

२. त्याच पानांवर दर महिन्याचा आवश्यक खर्च लिहा. मग शाळा, कपडे, आजारपण, लग्नकार्य हे खर्च ज्या महिन्यात येतात त्या पानावर मांडा.

३. वर्षाची शिल्लक काढून बाराने भागा. आलेला आकडा पती-पत्नींनी एकत्र बसून पाहावा. मोठ्या मुलांनाही दाखवावा. बेरीज त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

४. शिल्लक उणे आली, तर कारण शोधा. काम कमी मिळाले, मजुरी कमी मिळाली, व्याज गेले, की सहा वाटांपैकी एखादी वाट घरातून जाते? पहिल्या दोन कारणांवर एकट्याने उपाय होत नाही. ती गोष्ट विहारात, गटात, कामगारांच्या बैठकीत बोलावी. उरलेल्या दोहोंवर उपाय घरातच आहे.

५. कोणताही नवा हप्ता घेण्यापूर्वी तो ह्या शिल्लकेशी ताडून पाहा, पगाराशी नव्हे.

वही घरातल्या बाईच्या हाती राहू द्या. दर उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, वंदना झाल्यावर ती पाच मिनिटे उघडावी. तराजू हाती धरण्याची सवय अशीच लागते.